नळाचा न, बाणाचा ण

ही गोष्ट माझ्या पहिल्या वर्षातली. गावाहून होस्टेलवर येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. टाकीची मोटार जळाली आणि समोर दिसलो म्हणून वॉर्डन सरांनी मलाच फळ्यावर सूचना लिहायला सांगितली. मी खडू घेतला आणि लिहिलं, "आज पानी येनार नाही." संध्याकाळी मेसला जाताना पाहतो तर खाली कोणीतरी लिहून ठेवलेलं, "कोन म्हनते?" अख्खा मजला हसत होता. पुढचे चार महिने माझं नावच 'पानी' पडलं!

हसणाऱ्यांचा राग आला, पण त्याहून वाईट एक गोष्ट झाली. मी मराठीत लिहिणंच सोडलं. अर्ज असो की चिठ्ठी, मोडकंतोडकं का होईना, इंग्रजीत लिहायचं. या लेखाचा विषय तसा व्याकरणाचा आहे. कानाला सारखे लागणारे शब्द ओळखायचे कसे आणि लिहिताना होणाऱ्या चुका टाळायच्या कशा, एवढाच. पण हा विषय मला व्याकरणाच्या पुस्तकातून समजला नाही. तो समजला आमच्या गावातल्या पाचवीतल्या एका पोरीमुळे.

सोळाबीन

माझं गाव धनज बुद्रुक, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम. (वाशिम की वाशीम? १ जुलै १९९८ ला अकोल्यातून जिल्हा वेगळा झाला, पण नाव अजून दोन्ही तऱ्हेनं लिहिलेलं दिसतं!) दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो की गल्लीतली पोरं आमच्या ओट्यावर अभ्यासाला येऊन बसतात. त्यात ही पोरगी. 'माझे शेत' हा निबंध तिनं पाच ओळींत संपवला होता. शेत मोठे आहे, शेतात झाड आहे, मला शेत आवडते, संपलं.

मी म्हटलं, "एवढंच का गं?" तर ती बोलायला लागली. "वावरात तन लय झालं होतं, दादा. माय निंदाले गेली त तिच्या पायाले काटा रुतला. मंग मीच डोक्यावर पान्याची गुंडी नेली..." दहा मिनिटं थांबली नाही. काट्याचं, ढगाचं, सोयाबीनच्या शेंगा फुटतात त्या आवाजाचं, सगळं सांगितलं. मी विचारलं, "मंग हे काऊन नाही लिहिलं?" तर म्हणाली, "बाई लाल गोल करते. कोनता न अन् कोनता य, समजतच नाही."

मी तिच्या जुन्या वह्या चाळल्या. त्यात तीन टप्पे स्पष्ट दिसत होते. पहिल्या वहीत 'शाया', 'डोये', 'पानी', म्हणजे जसं बोलते तसं लिहिलेलं, आणि पानभर लाल गोल. दुसऱ्या वहीत वेगळ्याच चुका: 'गाळ दूध देते', 'मण लावून अभ्यास', आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'सोळाबीन'! तिसऱ्या वहीत चुका जवळजवळ नाहीत. कारण तिसऱ्या वहीत लिहिलेलंच काही नाही. ण आणि ळ येईल असे शब्द ती गाळत होती. तण नाही, पाणी नाही, विळा नाही, काळी माती नाही. त्याच्याशिवाय शेताबद्दल लिहायचं तरी काय?

मला फळ्यासमोर उभा असलेला मीच दिसलो.

कानाचं गणित

'सोळाबीन'वर हसू येतं, पण नीट पाहिलं तर त्यात पोरीचं डोकं दिसतं. आमच्या वऱ्हाडी बोलीत ळ चा य होतो आणि ण चा न. शाळा ती शाया, डोळा तो डोया, पाणी ते पानी. हा आळस नाही. अगदी नियमानं होतो हा बदल. शाळेत तिला कळलं की आपण जिथे 'य' म्हणतो तिथे बाईंना 'ळ' पाहिजे. मग तिनं गायीचा आणि सोयाबीनचाही य बदलून टाकला. अर्धवट माहितीवरून काढलेला तो तर्कशुद्ध निष्कर्ष होता.

आपल्या भाषेत सांगायचं तर दोन वेगळ्या इनपुटला एकच आउटपुट येत असेल, तर नुसत्या आउटपुटवरून इनपुट सांगता येत नाही. 'काळ' आणि 'काय' दोन्ही तिच्या तोंडून 'काय' होऊन येतात. परत उलट जायला आणखी काहीतरी माहिती लागते: अर्थ, वाक्य किंवा एखादा नियम. "नीट ऐकून लिही" हा सल्ला तिच्या काहीच कामाचा नाही, कारण ऐकण्यात फरकच नाही.

आता पुस्तकात काय असतं ते पाहा. तिथे सारख्या उच्चाराच्या शब्दांची यादी ठरलेली: दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. सुर म्हणजे देव, सूर म्हणजे स्वर. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. द्विप म्हणजे हत्ती, द्वीप म्हणजे बेट. या जोड्या मुंबई-पुण्याच्या कानालाही सारख्याच लागतात, म्हणून त्या पुस्तकात आल्या. पण आमच्या कानाची दुसरी एक यादी आहे, ती पुस्तकात नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला तो फरक ऐकूच येतो:

सन (वर्ष) आणि सण (पोळा, दिवाळी)
मन (आपलं) आणि मण (कापसाचं वजन)
तन (शरीर) आणि तण (वावरातलं)
कोन (नव्वद अंशांचा) आणि कोण (विचारायचा)
काय (विचारायचं) आणि काळ (वेळ)
पाया (घराचा) आणि पाळा (नियम)

मला सांगायचं आहे ते एवढंच. सारख्या उच्चाराचे शब्द सगळ्यांचे सारखे नसतात. ज्याचा जसा कान, तशी त्याची यादी. पोरीला दिन-दीन पाठ होतं, पण तिचं अडत होतं तण-तन पाशी. शिकवणाऱ्यानं आधी पोरांच्या तोंडून ऐकून त्यांची यादी करावी, मग पुस्तकातली द्यावी.

आणि आमची बोली अशुद्ध आहे असं कोणी म्हणत असेल तर त्यानं थोडा इतिहास पाहावा. मराठी गद्याचा आरंभीचा मोठा ग्रंथ 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रचला तो आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला, त्यामागच्या पुराव्यांत हा ग्रंथही येतो. बोली घरची, लेखन सगळ्यांचं सामाईक. एक शिकायला दुसरी टाकावी लागत नाही.

ओट्यावरचे उपाय

ओट्यावर जे जमलं ते खाली देतो. होस्टेलवरच्या मित्रांनाही उपयोग व्हावा.

१) य की ळ? हिंदीला विचारा. टीव्हीमुळे आमच्या पोरांना हिंदी चांगलं समजतं. आपण 'य' म्हणतो तिथे हिंदीत 'ल' असेल तर मराठीत ळ लिहायचा. काला–काळा, फल–फळ, दाल–डाळ, थाली–थाळी, माली–माळी, होली–होळी, सोलह–सोळा. हिंदीतही 'य'च असेल तर य: गाय, दया, रुपया, सोयाबीन. डोळा, ओळ, विळा असे थोडे शब्द या चाळणीतून निसटतात, ते पाठ करायचे. पोरीनं हा नियम ऐकला आणि स्वतःच 'सोळाबीन'मधला ळ खोडला. म्हणाली, "हिंदीत त सोलाबीन नाही म्हनत!"

२) न की ण? आधी नाव द्या. शाळेच्या तक्त्यावर 'न नळाचा, ण बाणाचा' असतं. गंमत अशी की आमची पोरं 'बानाचा न' म्हणतात. उच्चार एकच झाला तरी नावं दोन राहतात: नळाचा आणि बानाचा. म्हणून शब्द सांगताना "तण, बाणाचा" असं नावासकट सांगायचं. मग नियम:

क्रियापदाच्या णे, णार, णारा मध्ये बाणाचा: करणे, निंदणे, येणार, शिकणारा. (माझ्या फळ्यावरचं 'येनार' इथेच चुकलं होतं.)
ऊन आणि ने मध्ये नळाचा: करून, जाऊन, हाताने, विळ्याने.
संस्कृतातून आलेल्या शब्दात आधी र, ऋ किंवा ष असेल तर बहुधा बाणाचा: कारण, किरण, ऋण, घर्षण, समीकरण. मधे त, थ, च, श यांसारखं अक्षर आडवं आलं की नळाचा तसाच राहतो: वर्तन, प्रार्थना, अर्चना, दर्शन.
आधी यातलं काहीच नसेल तर बहुधा नळाचा: मापन, वहन, ज्वलन.

पण अपवादही आहेत. गुण, बाण यांचा ण मुळातलाच. आणि भूमितीच्या पुस्तकातला 'काटकोन त्रिकोण' पाहा. दोन शब्द शेजारी, एकात नळाचा, दुसऱ्यात बाणाचा! ते पाठच करावं लागतं.

३) ऱ्हस्व की दीर्घ? इथे वऱ्हाड-पुणे भेद नाही, सगळेच अडखळतात. बोलताना आपण इ आणि ई हा फरक अर्थ वेगळा करायला फारसा वापरत नाही, म्हणून कान साथ देत नाही. नियम मात्र वावरात उभं राहून शिकवता येतो. मराठी शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: पीक, तूर, ऊस, विहीर. शब्दाला प्रत्यय लागला की तो आखूड होतो: पिकाला, तुरीचा, उसाला, विहिरीत. संस्कृत शब्द मात्र जसाच्या तसा राहतो, ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व, दीर्घ असेल तर दीर्घ: गुण, विष, दिन, शरीर–शरीरात.

आता 'पीक विमा' घ्या. हा शब्द कितीतरी ठिकाणी 'पिक विमा' असा लिहिलेला दिसतो. पिक म्हणजे संस्कृतात कोकिळा. म्हणजे शेतकऱ्यानं हप्ता भरला सोयाबीनचा आणि विमा निघाला कोकिळेचा! ही एक ओळ सांगितल्यावर ओट्यावरच्या एकाही पोरानं परत 'पिक' लिहिलं नाही.

शब्दाच्या अगदी शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, पाटी, मी. 'आणि' आणि 'नि' हे अपवाद, शिवाय परंतु, तथापि असे संस्कृतातले अव्यय शब्द. हिंदीत 'कि' ऱ्हस्व असतो, तो पाहून आपल्याकडे 'मला वाटते कि' असं लिहितात. मराठीत 'की' नेहमी दीर्घ.

आणि आपला सगळ्यांचा लाडका शब्द, परीक्षा. तो 'परिक्षा' नाही. परि + ईक्षा, दोन इकार जोडले गेले म्हणून दीर्घ. परिणाम, परिसर, परिस्थिती यांत पुढे स्वर नाही, म्हणून तिथे 'रि' ऱ्हस्व.

४) जोडशब्द उघडून पाहा. एकटा 'गुरू' दीर्घ, पण कारंज्याचं नृसिंह सरस्वतींचं गुरुमंदिर मात्र ऱ्हस्व रु चं. संस्कृत शब्द समासात पहिला आला की त्याचं मूळचं रूप परत येतं. तसंच कविराज, पक्षिमित्र, विद्यार्थिप्रतिनिधी. आणि तसंच वसतिगृह! ज्या फळ्यावर माझ्या 'पानी'ला हसले, त्याच्या वरच्या भिंतीवर ठळक अक्षरात 'वसतीगृह' रंगवलेलं होतं. त्याखालून सगळे रोज जात होतो. त्याला कोणी कधी हसलं नाही. वऱ्हाडी माणसाची चूक चटकन दिसते, सगळ्यांची मिळून असलेली चूक दिसत नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

५) जोडी नेहमी वाक्यात द्या. नुसती यादी पाठ केली की परीक्षेपुरती राहते. पोरांनी स्वतःच वाक्यं जुळवली: "सणाला मण लागत नाही, मन लागते." "तण काढून काढून तन थकलं." "कोण सांगेल हा कोन किती?" या वाक्यांवर पोरं हसली, आणि हसली म्हणून ती लक्षात राहिली.

नियमांचं वय

हे सगळे नियम देवानं लिहून दिलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळानं तयार केलेल्या चौदा नियमांना महाराष्ट्र शासनानं १९६२ साली मान्यता दिली, १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले, असे एकूण अठरा. त्याआधी आपले आजोबा 'नांव', 'पांच', 'कांहीं' असं अनुस्वार देऊन लिहीत. उच्चारात नसलेले ते अनुस्वार नव्या नियमांनी काढून टाकले. सोय झाली, पण एक गंमतही झाली. पूर्वी 'नांव' म्हणजे माणसाचं आणि 'नाव' म्हणजे नदीतली, असा फरक कागदावर दिसत होता. आता दोन्ही 'नाव'. म्हणजे नियमानंच दोन वेगळे शब्द एकसारखे केले! तरी आपण कुठे अडतो? वाक्यावरून कळतं. 'जरा' चं तर उलटंच आहे. थोडं या अर्थाचा 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' लिहायला एक, बोलायला मात्र ज वेगवेगळा. लिपीलाही सगळं टिपता येत नाही.

मग चुकलं तर काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. बिघडतं. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाबद्दल सांगितली जाणारी 'ध चा मा' ची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. 'धरावे' चं 'मारावे' झालं म्हणतात. एका अक्षराचं महत्त्व सांगायला मराठीत तोच वाक्प्रचार अजून वापरतात. (आमच्या गावाचं नाव 'ध' पासून सुरू होतं, त्यामुळे आम्ही जपूनच असतो!) तेवढं लांब कशाला, दाखल्यावर एक नाव आणि मार्कशीटवर दुसरं झालं की स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी किती चकरा माराव्या लागतात ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

फोनवर टाइप करतो, तोच दुरुस्त करील, हाही भरवसा ठेवू नका. चुकीचा शब्द तो पकडेल, पण दिन आणि दीन, मन आणि मण हे सगळे बरोबरच शब्द आहेत. चुकीच्या जागी पडलेला बरोबर शब्द साध्या स्पेलिंग तपासणीत सुटून जातो. इंग्रजीतही तेच. प्राचार्यांना लिहिताना प्रिन्सिपलच्या शेवटी पी-ए-एल, तत्त्व असेल तर पी-एल-ई. डिजिटलच्या पेपरातल्या टूज कॉम्प्लिमेंटमध्ये मधे 'ई', आणि कोणाची स्तुती करायची तर 'आय'. मराठीत शंका आली तर मो. रा. वाळंबे यांचं 'मराठी शुद्धलेखन प्रदीप' किंवा अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' उघडावा. मी खोलीत एक ठेवतो. त्यात लाज नाही.

पुन्हा 'माझे शेत'

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी पोरीला तोच निबंध परत लिहायला लावला. अट एकच होती, जे मला सांगितलं ते सगळं लिहायचं, अडलं तर विचारायचं. मधे मधे ती मान वर करून विचारायची, "दादा, गुंडीतलं पानी बानाचं ना?" मी म्हणायचो, "हाव, बानाचं."

दीड पान झालं. त्यात तण होतं, काटा होता, मायच्या पायाचं रक्त होतं, आणि 'काळ्या मातीत पाय रुततात' असं एक वाक्य होतं, ळ सकट. चुका मी मोजल्या, नऊ निघाल्या. 'विहिर' मध्ये हि ऱ्हस्वच राहिला होता. मी गोल केले नाहीत. समासात पेन्सिलीनं बरोबर शब्द लिहिले, आणि खाली लिहिलं, "पुढे काय झालं? काटा निघाला का?" तिनं लगेच वही ओढून घेतली आणि तिथेच उत्तर लिहायला बसली.

मला चार महिने जे हवं होतं ते एवढंच होतं. माझ्या सूचनेखाली कोणी 'कोन म्हनते' ऐवजी नुसतं 'पाणी, येणार' असं लिहिलं असतं, तर मी ते दोन शब्द त्याच दिवशी शिकलो असतो आणि मराठी लिहिणंही सोडलं नसतं.

तेव्हा मित्रहो, या वर्षी कोणी नवा मुलगा फळ्यावर चुकीचं लिहील, आणि लिहीलच, तर खडू घेऊन बरोबर शब्द लिहा किंवा त्याला बाजूला घेऊन सांगा. सर-मॅडमनाही विनंती आहे की लाल गोल करताना शेजारी बरोबर शब्दही लिहावा. माझ्या या लेखातही चुका राहिल्या असतील. सापडल्या तर खोलीवर येऊन जरूर सांगा. चहा माझ्याकडून!